पाणी आधी, टकीला नंतर

यावेळच्या टपालात क्रूझच क्रूझ आहे. आधी लोक चारधामचं विचारायचे, मग दुबई आली, आता तीन पत्रांत जहाज. नागपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे असेल कदाचित, पण पाणी दिसलं की आपल्याला एका दिवसात सगळंच करायचं असतं.

प्रश्न: ताई, मुलगा ह्यूस्टनला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे जातोय आणि त्यानं गॅल्व्हेस्टनहून सुटणारी पाच दिवसांची क्रूझ बुक करून टाकली. त्यात एक दिवस मेक्सिकोचं कोझुमेल बेट आहे. जहाज सकाळी ८ ला लागतं, ५ ला सुटतं, साडेचारला सगळे आत पाहिजेत असं लिहिलंय. मला स्नॉर्केलिंग (मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघणं) करायचंय आणि टकीला (मेक्सिकोची दारू) टेस्टिंगही करायचंय. मुलगा म्हणतो बाबा, दोन्ही होणार नाही. वय ५८, बीपीची गोळी सुरू आहे, लहानपणी विहिरीत पोहायचो. बायकोला पोहता येत नाही. एक बाटली वर्ध्याच्या साडूसाठी आणायचीय. दिवस कसा लावायचा? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: होतं भाऊ, दोन्ही होतं, मुलाला सांगा ताई म्हणाली. फक्त क्रम उलटा करू नका. आधी पाणी, मग जेवण, मग टकीला. हे एवढं ठासून का सांगते तर तिथे धक्क्यावर उतरल्या उतरल्या सकाळी नऊला कोणीतरी हसत हसत छोटा ग्लास हातात देतो, वेलकम वेलकम करत, आणि आपल्याला फुकटचं नाही म्हणता येत नाही. म्हणा. दारू पोटात असताना दम लवकर लागतो, आपण किती लांब आलो याचा अंदाज चुकतो आणि घाबरलो की हातपाय नीट चालत नाहीत, हे विहिरीत पोहलेल्या माणसाला मी काय सांगायचं. त्यात तुमची बीपीची गोळी. ऊन, घाम, गोळी आणि दारू एकत्र आली की उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी स्पष्ट विचारा, पाण्यात उतरू का आणि दोन घोट घेऊ का. लाजू नका, त्यांनी याहून भयंकर प्रश्न ऐकलेले असतात.

आता घड्याळ. कोझुमेलच्या दिवसात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हे बेट मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात येतं आणि त्या राज्यानं २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवलीय, उन्हाळा-हिवाळा काटे फिरवणं नाही. टेक्सासमध्ये मात्र फिरवतात. त्यामुळे डिसेंबरात कोझुमेलचं घड्याळ गॅल्व्हेस्टनपेक्षा एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्ही सारखी. आणि जहाज बहुतेकदा स्वतःचीच वेळ धरून चालतं, बेटाची नाही. आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता. टेस्टिंगला बसलो होतो, सहापैकी चार ग्लास झाले होते, आमच्या ह्यांनी सहज मोबाईल बघितला तर चार वीस! साडेचारला आत पाहिजे! मग काय, ओले टॉवेल, चपला, पिशव्या, मी पुढे, हे मागे, टॅक्सीवाल्याला हिंदीतच "जल्दी भैया जल्दी" आणि तो बिचारा सी सेन्योरा सी सेन्योरा करत सुसाट. धक्क्यावर पोचलो तर गेटवरचा माणूस शांत उभा, त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं, तीन पस्तीस. मोबाईलनं बेटावर पाय ठेवल्याबरोबर आपोआप बेटाची वेळ धरली होती. तासभर बाकावर बसून ह्यांनी मला राहिलेल्या दोन ग्लासांबद्दल ऐकवलं, आजही ऐकवतात.

आमचं हसण्यावारी गेलं कारण चूक भल्या बाजूनं झाली. हेच मायामीहून उन्हाळ्यात सुटलेल्या जहाजावर उलटं होतं, तेव्हा मायामी एक तास पुढे असते, म्हणजे मोबाईलमध्ये साडेतीन वाजलेले असतात आणि जहाजावर साडेचार, आणि तुम्ही निवांत सहावा ग्लास हुंगत बसलेले. म्हणून साधं काट्यांचं घड्याळ न्या, ते जहाजावरच्या वेळेला लावा आणि उतरल्यावर फक्त त्याच्याकडेच बघा. कधी कधी कॅप्टन जहाजाचीही वेळ बदलतो, ते आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा अ‍ॅपवर असतं, तेवढं वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो मल्टिपल एंट्री हवा, कारण परत टेक्सासात शिरायचंय. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत, झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड पिशवीत. पाण्यात पासपोर्ट घेऊन जाणारे महाभाग मी पाहिलेत.

जहाजाच्या काउंटरवरून टूर घेतली तर महाग पडते, पण टूर उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करतं. स्वतः ठरवली तर जहाज नमस्कार करून निघून जातं. तुमच्यासाठी माझं मत असं, स्नॉर्केलिंग जहाजाकडून घ्या, टकीला स्वतः करा. पाण्याची टूर लांबते, टेस्टिंग लांबत नाही, अर्ध्यात उठताही येतं, आम्ही उठलोच की.

साधारण वेळ सांगते, सगळी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. आठला लागलं तरी पहिल्या गर्दीत घुसू नका, पावणेनऊला आरामात उतरा. साडेनऊ ते साडेबारा पाणी. मग गोड्या पाण्यानं अंग धुवा, कोरडे कपडे घाला, नीट जेवा. दीड-दोनला टेस्टिंग, तासाभरात होतं. साडेतीनला धक्क्यावर. उरलेला तास ट्रॅफिकला, बायकोच्या मॅग्नेटच्या दुकानाला आणि नशिबाला ठेवा.

पाण्यात दोन रस्ते आहेत. एक बोटीचा, बेटाच्या दक्षिणेला पालांकार, कोलंबिया हे प्रवाळाचे भाग आणि एल सिएलो नावाचा उथळ वाळूचा पट्टा. ही सगळी जागा १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ती ज्या मोठ्या प्रवाळरांगेचा तुकडा आहे ती मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत सुमारे १००० किलोमीटर पसरलीय, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतर जगात तिचाच नंबर लागतो. कोझुमेलला पाण्याला ओढ असते, त्यामुळे तुम्ही पोहत नाही, वाहता. बोट तुम्हाला एकीकडे सोडते आणि पुढे जाऊन उचलते. विहिरीत पोहणाऱ्याला हे आधी विचित्र वाटतं, कारण विहिरीत पाणी जागच्या जागी असतं आणि हात मारायचे आपण. इथे उलट आहे, हात मारत सुटलात तर पाच मिनिटांत दमाल. लाइफ जॅकेट घालून पडून राहायचं आणि खाली बघायचं. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात ना, त्याचा कटकट आवाज पाण्याखाली ऐकू येतो, कुरमुरे खाल्ल्यासारखा. मला माशांपेक्षा तो आवाजच जास्त लक्षात राहिला.

दुसरा रस्ता किनाऱ्याचा, चांकनाब म्हणून पार्क आहे, क्रूझच्या दक्षिणेकडच्या धक्क्यांवरून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. तिथे पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरता येतं, खोली लगेच मिळते आणि मासेही. वहिनींना पोहता येत नाही म्हणता, तर मी दोघांना इथेच पाठवीन. जॅकेट घालून, पायरीची शिडी धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी खाली अख्खं जग दिसतं, नवरा कुठे गेला तेही दिसतं. एल सिएलोला पाणी कमरेएवढं असतं म्हणून तीही जागा चालेल, पण तिथवर बोटीनं जायचं, डुलायचं, हे त्यांना झेपेल का ते बघा. तिथल्या वाळूत मोठे मोठे तारामासे असतात, त्यांना फोटोसाठी पाण्याबाहेर काढायचं नाही, मरतात ते. एका गाइडनं आमच्यातल्या एकाला त्यावरून चांगलंच झापलं होतं आणि मला फार बरं वाटलं. २०१९ मध्ये प्रवाळाला रोग लागला म्हणून हे भाग काही काळ बंदच ठेवले होते.

सनस्क्रीनही प्रवाळाला बाधतं म्हणून लावू देत नाहीत किंवा नको म्हणतात. फुल बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला. तुम्ही म्हणाल आम्ही नागपूरचे, आम्हाला काय उन्हाचं सांगता, मेमध्ये ४५ बघतो. पण मेमध्ये आपण दुपट्टा बांधून फिरतो हो, पाण्यात दोन तास उघडी पाठ वर करून पडत नाही. ह्यांच्या पोटऱ्या अशा भाजल्या होत्या की आठ दिवस पँट घालवेना.

आता मास्क, आणि इथे मला एक खाजगी प्रश्न विचारायचाय. मिशी आहे का? असणारच. मास्कचा रबरी काठ नाकाखाली बसतो आणि मिशीतून पाणी आत झिरपतं, मग दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून मास्क रिकामा करत बसावं लागतं. नाकाच्या लगतची ओळ थोडी कापून घ्या, पूर्ण मिशी उडवायची गरज नाही, घरात उगाच तमाशा. मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकानं श्वास ओढायचा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा मागा. काचेला आतून थुंकी लावून खळबळून घ्यायची म्हणजे वाफ धरत नाही. हो, थुंकीच, सगळे तेच करतात. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारून ठेवा, नाहीतर हजारो रुपये घालून धुरकट मासे बघाल.

आणि सराव इथेच करा. एक साधा स्नॉर्केल सेट घ्या आणि घरी मोठ्या बादलीत तोंड घालून तोंडानं श्वास घ्यायला शिका. हसू नका, आम्ही दोघांनी केलंय, कामवाल्या मावशींनी आमच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. जे रोज प्राणायाम करतात त्यांना उलट जास्त जड जातं, नाकाची सवय सुटत नाही. पंधरा दिवस बादली, मग चार वेळा एनआयटीच्या किंवा जवळच्या कुठल्याही पूलमध्ये, झालं.

आता तुमचा आवडता विषय. टकीला कोझुमेलची नाहीच. ती निळ्या अगावेपासून होते आणि कायद्यानं मेक्सिकोच्या फक्त पाच राज्यांतल्या ठरावीक भागांतच बनते, मुख्य हालिस्को, ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे संत्री नागपूरची आणि चाखायची गुवाहाटीला, तसा प्रकार. तरी मजा येते. अगावे म्हणजे आपल्या घायपाताचीच भावकी, रेल्वेच्या कडेला काटेरी पात्यांची असते ना ती. पाती छाटून मधला अननसासारखा गड्डा काढायचा, भाजायचा, रस आंबवायचा, दोनदा गाळायची. झाड तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात, आणि एकदा उपटलं की संपलं, म्हणून चांगली टकीला स्वस्त नसते.

टेस्टिंगमध्ये ब्लांकोपासून सुरू करतील, ती ताजी, पांढरी. मग रेपोसादो, लाकडी पिंपात किमान दोन महिने राहिलेली. मग आन्येहो, किमान एक वर्ष. एक्स्ट्रा आन्येहो तीन वर्षांच्या वर. लोक शेवटच्यावर खूश होतात कारण ती गोडसर, व्हिस्कीसारखी लागते. मला विचाराल तर झाडाची खरी चव ब्लांकोतच असते, मिरीसारखी, ओल्या गवतासारखी. मीठ-लिंबू सिनेमात, इथे हुंगून घोटघोट घ्यायची. आणि हिशोब ठेवा, १५ मिलीचे सहा ग्लास म्हणजे ९० मिली, म्हणजे आपला दीड मोठा पेग, उन्हातून आल्यावर. वहिनींच्या वाटणीचेही तुम्हीच घेणार असाल तर तीन पेग. प्रत्येक ग्लासामागे पाणी प्या आणि उरली तर ओतून द्या, तिथे कोणी वाईट मानत नाही.

शेवटी दुकानात नेतातच. बाटलीवर "१०० टक्के अगावे" असं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं बघा, नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर असू शकते. शिवाय एनओएम असं लिहून पुढे चार आकडी नंबर असतो, तो भट्टीचा नंबर. अळी असलेली बाटली कोणी टकीला म्हणून दाखवली तर समजून जा, अळी काही मेझकालमध्ये (अगावेचीच दुसरी दारू) घालतात, टकीलात नाही. आणि खरंच त्या भागातलं काही घ्यायचं असेल तर श्ताबेंतून विचारा, युकातानची आहे, मध, बडीशेपेसारखं अ‍ॅनिस आणि रम. जेवल्यावर बडीशेप खाणाऱ्या माणसाला पहिल्या घोटात ओळखीची वाटते.

जेवणात हाबानेरो मिरचीची चटणी देतील आणि वेटर घाबरवेल. सावजी खाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, पण माजही करायचा नाही, ती मिरची खरंच वेगळी आहे. शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते बरेचदा, "सिन मान्तेका" म्हणा, म्हणजे चरबीशिवाय.

बाटली जहाजावर नेली की ते ताब्यात घेतात, शेवटच्या दिवशी परत देतात. गॅल्व्हेस्टनला उतरताना माणशी एक लिटर ड्युटीशिवाय, पण टेक्सास सरकारचा वेगळा छोटा कर तिथेच काउंटरवर भरावा लागतो. भारतात येताना माणशी दोन लिटरची सूट आहे, बाटली मोठ्या बॅगेत, जाड कपड्यांत गुंडाळून. इथवर सगळं ठीक. पण भाऊ, साडू वर्ध्याचे! वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. अर्ध्या जगाचा कस्टम पार करून आलेली बाटली बुटीबोरीच्या पुढे न्यायला गेलात की गुन्हा. साडूंनाच प्रतापनगरला जेवायला बोलवा.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, एप्रिलमध्ये मुंबई-गोवा क्रूझ करतोय. गोव्यात सात-आठ तास मिळतात. ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंग आणि फेणी, दोन्ही बसेल का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर: बसेल, पण एप्रिलमध्ये मी असते तर पाण्यावर कमी आणि काजूवर जास्त वेळ घातला असता. गोव्याचं पाणी अंदमानसारखं काचेसारखं नसतं, डिसेंबर-जानेवारीत त्यातल्या त्यात बरं, उन्हाळ्यात कसं मिळेल ते त्या दिवसावर. ग्रँड आयलंड मुरगाव बंदराच्या बाहेरच आहे, जवळ पडतं, सकाळी दोन तास करून घ्या आणि मग गावाकडे वळा. मार्च ते मे काजूच्या बोंडांचा हंगाम, भट्ट्या पेटलेल्या असतात. बोंडं तुडवून रस काढतात, आंबवतात, पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण १५ टक्क्यांची, ती टिकत नाही म्हणून हंगामातच प्यायची, लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. हलकी म्हणून चौघं मिळून घागर संपवतील आणि संध्याकाळी एकमेकांना जहाज दाखवत बसतील, हे मी आधीच सांगून ठेवते. पुन्हा गाळली की फेणी, ४० च्या वर. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. वास पहिल्यांदा सगळ्यांनाच नको होतो, पण आपल्याकडे गडचिरोली, भंडाऱ्याकडची मोहाची ज्यांनी एकदा तरी हुंगलीय त्यांना इतका धक्का बसत नाही. गाडी कोणीही चालवायची नाही, टॅक्सी ठरवा. बाटल्या आणायच्या असतील तर आधी परवान्याची चौकशी करा, गोव्याची दारू महाराष्ट्रात बिनपरवाना आणणं आपल्या एक्साइजला अजिबात आवडत नाही.

उलटी-मळमळीसाठी एक जण अ‍ॅव्होमिन नेणारच, ती बोट सुटायच्या आधी घ्यायची आणि घेतली तर त्या दिवशी हुर्राक नाही. दोन्ही मिळून माणूस बसल्या जागी झोपतो.

प्रश्न: ताई, तुम्ही मागे एकदा कोझुमेलचा उल्लेख केला होता, आमचाही फेब्रुवारीत तिथे एक दिवस आहे. घरातले सगळे पाण्यात आणि दारूत, मी पोहत नाही आणि पीत नाही. मी जहाजावरच थांबू का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर: काऊन थांबता बाई! त्या बेटाच्या मध्यात सान हर्वासियो म्हणून माया लोकांचे जुने अवशेष आहेत, धक्क्यावरून टॅक्सीनं वीस-पंचवीस मिनिटं. इश्चेल नावाची त्यांची देवी, बाळंतपणाची, चंद्राची. स्पॅनिश लोक यायच्या आधी लांब लांबच्या बायका होड्या वल्हवत समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला या बेटावर यायच्या. म्हणजे ते मूळचं बायकांचंच तीर्थक्षेत्र, दारूवाले आणि मासेवाले खूप नंतर आले. देवळं फार उंच नाहीत, चालायला सपाट आहे, झाडी दाट. डास चावतात, ओडोमॉस लावून जा. टॅक्सीवाल्याला थांबायचं किती घेशील ते आधीच ठरवून घ्या, आणि पायऱ्यांवर बसायच्या आधी बघून बसा, दगडाच्याच रंगाचे मोठाले इग्वाना तिथे ऊन खात पडलेले असतात. मी एकाच्या शेपटीवर पर्स ठेवली होती.